तात्यांचा डावा अंगठा

आमच्या कामगार विम्याच्या कचेरीत आलेला माणूस दाराशीच आवाज खाली आणायचा. तात्या साचेवाले मात्र आत शिरतानाच डावा पंजा वर करून सगळ्या टेबलांना एकदम नमस्कार उरकत. त्या पंजाला बोटं चारच. अंगठा मिलच्या पट्ट्यात गेला होता. साचा म्हणजे माग. अंगठ्याशिवाय तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना, म्हणून साचा सुटला आणि विम्याची पेन्शन सुरू झाली. "ऱ्हायल्याली चार बी सरकारनं न्यावीत, पर माणूस पाठवून. पट्टा नगं," असं ते आमच्या शिपायाला सांगत.

बहात्तरचा दुष्काळ ओसरला त्या सुमारास मी तिथं कारकून म्हणून चिकटलो. नियमांचं पुस्तक तीन महिन्यांत पाठ केलं, आणि पाठ झाल्यावर समजून घ्यायची गरज उरली नाही. पेन्शनवाल्यांना दर सहा महिन्यांनी हयातीचा दाखला द्यावा लागे. सही येत नसेल त्यानं अंगठा उठवायचा. तात्यांनी उजवा उठवला होता. मी फॉर्म परत केला. शेरा : डाव्या अंगठ्याचा ठसा नाही.

"डावाच लागतुया व्हय?"

"नियमच आहे."

"मग मिलमदी जाऊन हुडकावा लागंल की."

"हुडका. सोमवारपर्यंत आणून द्या," मी मान वर न करता म्हणालो.

तात्या फॉर्म घडी करून निघून गेले. दोन महिन्यांनी हेडक्लार्कांनी विचारलं, यांची पेन्शन का थांबली? मी माझा शेरा दाखवला, जरा छाती काढूनच.

"आपण यांना पेन्शन कशाबद्दल देतो रे?"

"डावा अंग..." इथपर्यंत आलो आणि माझाच शेरा पुन्हा वाचला.

"सायकल आहे ना? मग जा. उजवा घेऊन ये."

मिलच्या चाळीत तात्यांची बायको दारात विड्या वळत बसली होती. मी कोण ते सांगितलं, तरी तिचे हात थांबले नाहीत. "तुमीच व्हय ते? या की. दोन महिनं रोज दिवस मावळंस्तवर वळतीया मी तुमच्या नियमापायी. आन् ह्ये बसल्यात पाटी घिऊन. पाटीवर काय जेवायचं काय?"

आत तात्या खरोखरच पाटी घेऊन अक्षरं गिरवत बसले होते. मी फॉर्म आणि शाईचा पॅड पुढं केला. "तात्या, चूक माझी झाली. उजवा चालतो."

त्यांनी पॅड बाजूला सारला. "आता अंगठा न्हाय. सई करणार."

"अहो, अंगठा लगेच होईल. मला कचेरीत परतायचंय."

"तुमी दोन महिनं घेतलं की सायेब. मी अर्धा तास घिऊ नगं?"

अर्ध्या तासाहून जास्तच लागला. एकेक अक्षर ते साच्यावर सूत भरावं तसं जपून मांडत होते. शेवटचं अक्षर साक्षीदाराच्या रकान्यात घुसलं. उरलेल्या जागेत साक्षीदार म्हणून मी अंग चोरून सही केली. अडकलेली पेन्शन सुटली.

सहा महिन्यांनी ती पुन्हा अडकायची पाळी आली. साहेबांनी दोन फॉर्म शेजारी ठेवले आणि म्हणाले, "सही जुळत नाही." खरंच जुळत नव्हती. आधीची अक्षरं धक्काबुक्की करत होती. आताची रांगेत उभी होती. पण दोन्ही सह्या तात्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केल्या होत्या. मी टिपण लिहिलं : 'मनुष्य तोच आहे. अक्षर सुधारले आहे.' खाली माझं नाव घातलं. नियमांच्या पुस्तकात असलं टिपण कुठंच नव्हतं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि मंजूर केलं. मग दर सहा महिन्यांनी मी तेच वाक्य लिहीत राहिलो, कारण तात्या काही पाटी सोडेनात.

पुढं ते गावी, वळसंगला राहायला गेले. फॉर्म टपालानं येऊ लागले. त्यांच्या शेवटच्या फॉर्मवर सहीखाली झोकात ओढलेली एक रेघ होती. तेव्हा साहेब नवे होते. बराच वेळ सहीकडे बघत त्यांनी विचारलं, "हे गृहस्थ मास्तर होते का हो?"

"नाही साहेब, साचेवाले," मी म्हणालो. "एकदा मी त्यांचा अंगठा परत पाठवला होता."