कोळशाची गाडी आणि दोन घाटांची गुपितं

पुण्याहून निघताना ह्यांच्या सामानात कपड्यांपेक्षा परिपत्रकांचे गठ्ठे जास्त होते. हे एका मोठ्या मोटार सर्व्हिसचे इन्स्पेक्टर. कंपनीचे डेपो पुण्यापासून थेट बेळगावापर्यंत विखुरलेले. लढाईमुळे पेट्रोल जवळजवळ दिसेनासं झाल्यापासून साऱ्या गाड्या कोळशाच्या गॅसवर चालत. गाडीच्या पाठीला लोखंडी भट्टी बसवलेली. तिच्यात कोळसा पेटवायचा, आणि त्याचा गॅस एका गाळणीतून इंजिनात जायचा. सपाटीवर हे बरं चाले. घाट लागला की गाडी धापा टाकू लागे आणि उतारूंना खाली उतरून ढकलावं लागे.

ज्या डेपोला यातून वाट सापडेल त्याने ती इतरांना सांगावी, अशी कंपनीची इच्छा. त्यासाठी ह्यांनी एक युक्ती काढून परिपत्रकाने सगळ्या डेपोंना कळवली होती. ज्या डेपोच्या गाड्या सर्वांत कमी बंद पडतील, त्याला नवी गाडी बक्षीस.

"चढाओढ लागेल, आणि सगळे एकमेकांकडून शिकतील," हे म्हणाले.

"चढाओढ नक्की लागेल," मी म्हणाले. पुढच्या अर्ध्याबद्दल मला शंका होती. पण ह्यांच्याबरोबर फिरतीवर जायला पहिल्यांदाच मिळत होतं, म्हणून मी वाद वाढवला नाही.

निपाणी डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळते. वखारीवखारीच्या अंगणात तंबाखूचे ढीग, आणि डोक्यावर पदर घट्ट बांधून तो चाळणाऱ्या बायका. ह्यांना शिंका सुरू झाल्या त्या गाव सोडीपर्यंत थांबल्या नाहीत. शिंकतच ह्यांनी डेपोतल्या ड्रायव्हरांची चौकशी चालवली. त्यांत मारुती अण्णा सर्वांत जुना. भरदार अंगाचा, सावकाश बोलणारा.

"तवंदीच्या घाटात तुमची गाडी बंद पडत नाही असं ऐकतो. काय करता तुम्ही?"

"समदं देवाची दया हाय, साहेब."

ह्यांनी ते लिहून घेतलं. एवढ्यात मी डेपोच्या मागं हात धुवायला गेले, तर तिथे दोन बायका कोळसा फोडून सुपारीएवढा करत होत्या आणि चक्क तंबाखूच्या चाळणीतून चाळत होत्या. मी विचारलं तशी एक हसून म्हणाली, "चुलीसाठी हाय वो, आक्का." ढीग पाहता ती चूल सबंध निपाणीला जेवू घालण्याएवढी असावी. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "असेल चुलीचा. तू त्यात लक्ष घालू नकोस."

मारुती अण्णाच्या गाडीतून आम्ही तवंदीचा घाट चढलो. कडेला करवंदीची जाळी, खाली उसाचे हिरवे पट्टे, आणि गाडी अशी निवांत चाललेली की मला डुलकी लागली. कुणालाही उतरावं लागलं नाही.

संकेश्वरला गाडी बदलायची होती. निपाणीची गाडी तिथून माघारी फिरे आणि बेळगावची पुढे नेई. मध्ये जेवायला वेळ होता. खानावळवाल्याने भाकरीबरोबर इथल्या मिरचीचा ठेचा वाढला आणि "वाईच (थोडा) तिखट हाय" असं बजावलं. पुण्याच्या माणसाला ठेचा काय सांगता, अशा चेहऱ्याने ह्यांनी मोठा घास घेतला. त्यानंतर बराच वेळ ह्यांनी कुणाची चौकशी केली नाही.

बेळगावच्या गाडीत चढलो तर मारुती अण्णा आधीच येऊन बसला होता, उतारू म्हणून. धुवट पटका आणि मांडीवर लहानसं गाठोडं. आपली गाडी त्याने जोडीदाराच्या हाती माघारी धाडली होती.

"कडोलीला लेक दिलीया," त्याने मला सांगितलं. "सांजंला नातीचं बारसं हाय. माझी आई कृष्णाबाई गेल्या साली गेली. लेक म्हणाली, आप्पा, तुम्ही या, आजीचं नाव ठिवू. सासरच्यांनी दुसरंच नाव ठरिवलंय, पर माझा शबुद मोडायची न्हाईत."

गाठोडं सोडून त्याने झबलं दाखवलं. पिवळं, हिरव्या काठाचं.

ही गाडी चालवत होता बेळगावचा यल्लाप्पा. शिडशिडीत, पान खाणारा, उतारूंशी मराठीत आणि गाडीशी कानडीत बोलणारा. हत्तरगी मागे पडली आणि वंटमुरीचा घाट लागला. अर्ध्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. यल्लाप्पाने चाकांना दगड लावले. उतारूंनी ढकलून पाहिली. गाडी हातभर सरकली आणि पुन्हा थांबली. उन्हं कलायला लागली होती.

मी मारुती अण्णाकडे पाहिलं. तो डोंगराकडे पाहत होता. इतक्या मन लावून मी कुणाला डोंगर पाहताना पाहिलेलं नाही. भट्टीचं झाकण उघडलं तेव्हा त्याने एकदा मान वळवून आत पाहिलं आणि पुन्हा डोंगर पाहू लागला. गाठोड्याची गाठ तो सोडत होता, बांधत होता.

"अण्णा, काय झालंय ते तुम्हाला कळलंय," मी हळूच म्हणाले.

"मला काय कळतंय, आक्का. मी आज उतारू हाय."

"आणि बारसं?"

उन्हाची तिरीप रस्त्यावरून डोंगराच्या माथ्यावर चढली, तरी तो गप्पच. शेवटी उठला, गाठोडं माझ्याकडे दिलं आणि खाली जाऊन म्हणाला, "यल्लाप्पा, सर बाजूला. कोळसा लई मोठा घातलायस. आणि गाळणी उघड, बघू दे."

यल्लाप्पा गाळणीच्या डब्यावर हात ठेवून उभा राहिला. "बेडा, अण्णा, नको. डब्याला हात लावायचा न्हाय."

"कशापायी?"

"तू निपाणीचा."

हे मध्ये पडले. "अरे, कंपनी एकच ना?"

"कंपनी एकच हाय साहेब," यल्लाप्पा म्हणाला, "पर नवी गाडी बी एकच हाय."

आमच्या साहेबांना आपली युक्ती अशी घाटात, सगळ्या उतारूंदेखत भेटली. एक म्हातारी टोपलीवर बसली होती, तिने विचारलं, "ह्यो बक्षिसाचा येडेपणा कुणाचा म्हणायचा?" यल्लाप्पाने साहेबांकडे पाहिलं. मी डोंगराकडे पाहिलं, पत्नी म्हणून तेवढं मी पाळलं.

मग ह्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि सांगितलं, "बक्षीस रद्द. नवी गाडी निपाणी ते बेळगाव थेट चालेल, संकेश्वरला बदलायचं नाही. दोन्ही डेपोंचे ड्रायव्हर ती आळीपाळीने नेतील. घाट दोन्ही चढायचे आहेत, तेव्हा दोघांनाही दोन्ही यायला हवेत."

"वरच्या साहेबांनी न्हाय म्हटलं तर?" मारुती अण्णाने विचारलं.

"तर मी घरी बसेन," हे म्हणाले. ह्यांच्या आवाजावरून मला कळलं की हे खरंच बोलताहेत, आणि मला पुण्याच्या घराचं भाडं आठवलं.

यल्लाप्पाने डब्यावरचा हात काढला. आत कापसासारखं पांढरं सूत दाबून भरलेलं होतं. बेळगावातल्या वडगावच्या विणकरांकडे मागावर वाया जाणारं सूत तो आणायचा. त्यातून गॅस इतका स्वच्छ गाळला जाई की त्याचं इंजिन कधी काजळत नसे. मारुती अण्णा ते बोटांनी चाचपून पाहत राहिला. त्याचं इंजिन दर आठवड्याला उघडावं लागे. मग खाली बसून त्याने कोळसा फोडायला घेतला आणि चाळणीचं सगळं सांगितलं. भुकटी राहिली की जाळ कोंडतो, ढेकळं राहिली की गॅस पुरत नाही. उतारूही दगड घेऊन बसले. भट्टी पुन्हा पेटली, यल्लाप्पाने पंखा फिरवला, आणि गाडी आम्हा सगळ्यांना घेऊन वर चढली.

काकतीच्या फाट्यावर मारुती अण्णा उतरला, तेव्हा दिवस मावळला होता. गाठोडं छातीशी धरून तो कडोलीच्या वाटेने जवळजवळ पळत गेला.

बेळगावात आम्ही कुंदा (दूध आटवून केलेली मिठाई) खाल्ला, किल्ला पाहिला, आणि यल्लाप्पाने आम्हाला वडगावात नेलं. दारोदार मागांची खटखट, आणि ओसरीवर रंगीत सुताच्या लडी. ज्या विणकराचं नाव तो महिनोन्महिने कुणाला सांगत नव्हता, त्याच्या घरी त्याने आम्हाला चहा पाजला आणि निपाणीसाठी सुताचं एक पोतं मागून घेतलं.

परतताना काकतीला मारुती अण्णा गाडीत चढला. मी बारशाचं विचारलं.

"पोचलो तवा नाव ठिवून झालतं," तो म्हणाला. "प्रमिला. ग्वाड हाय." थोडं थांबून म्हणाला, "घाटात लगीच बोललो असतो तर बारसं गावलं असतं, आक्का. गप्प बसलो त्यात येळ गेला."

झबलं बसलं का, एवढंच मी विचारलं. वाईच मोठं झालं, म्हणाला.

पुण्याला आल्यावर ह्यांना वरून बोलणी खावी लागली. पण नोकरी राहिली आणि थेट गाडीही मंजूर झाली. नवं परिपत्रक मात्र ह्यांनी काढलं नाही. त्याऐवजी दोन डेपोंचे ड्रायव्हर एकमेकांकडे राहायला धाडले. या फेरीत मला एवढं उमगलं की माणसं आपली युक्ती सांगत नाहीत ती मनाने लहान असतात म्हणून नाही. सांगून टाकल्यावर आपल्याकडे काय उरेल, याची त्यांना धास्ती असते, आणि बऱ्याचदा ती धास्ती कुणा शहाण्या साहेबानेच लावून दिलेली असते.

आता थेट गाडीची पाळी आली की मारुती अण्णा काकतीच्या फाट्यावर गाडी उभी करतो. लेक पोरीला कडेवर घेऊन आलेली असते. उतारू कुरकुरतात, यल्लाप्पाने ह्यांच्याकडे दोनदा तक्रारही केली. आमचे साहेब म्हणतात, भट्टीत कोळसा घालायला तिथे थांबावंच लागतं.