कुपवाडची डागणी

लाकडावर डाग उठत नव्हता. मी बाभळीच्या फळकुटावर विजेवर तापणाऱ्या मशीनचं टोक दाबून धरलं होतं आणि मनातल्या मनात आकडे मोजत होते. दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत. टोक उचललं, तर खाली चहाच्या कपाचा उठावा तसा फिकट गोल. अंगणात पंधरा-वीस माणसं बसली होती.  त्यांतले म्हातारे आबा बोलले.

"बाई, हिच्यावर पापडसुदिक भाजायचा न्हाई."

सगळी वस्ती हसली. मीही हसले, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. विट्याच्या पूर्वेला एका जनावरांच्या दवाखान्यात मी पशुधन विकास अधिकारी होते. नोकरीचं दुसरं वर्ष. हाताखाली कांबळेमामा नावाचे ड्रेसर. जनावर धरणं, जखमा धुणं, आणि मी कुठे चुकतेय हे हळूच सांगणं, ही तिन्ही कामं ते करायचे.

त्या वस्तीवर पूर्वी सगळ्यांची मेंढरं होती. मग विहिरी झाल्या, थोडी शेती आली आणि मेंढरांच्या जागी संकरित गाई आल्या. आमच्या दवाखान्यातून कृत्रिम रेतन केलेल्या गाई त्या वर्षी एकदमच व्यायल्या. आठ वासरं. वस्तीला फार कौतुक होतं. पण त्याच वस्तीवरच्या शांताक्का एक दिवस दवाखान्यात आल्या, त्या उजवी बाजू हाताने दाबून धरूनच.

"म्हशीचं काय हाय, ती मारायची तर आधी डोळे काढती," त्या म्हणाल्या. "ही गाय मायाळू हो. नुसती माशी हाकलायला मान फिरवली आन शिंग माझ्या बरगडीत. दोन बरगड्या. डाक्टर म्हनला, सहा आठवडे काय उचलू नको. आता ह्या पोरींची शिंगं उगवायच्या आधी काय हुतंय का बगा."

पोरी म्हणजे वासरं. आठातल्या पाच कालवडी होत्या, त्यामुळे सगळ्यांनाच पोरी म्हणायचं ठरलं होतं.

त्या मागत होत्या ते करता येतं. वासरू लहान असताना शिंगाच्या जागी कातडीत फक्त एक गाठ असते, चिंचोक्याएवढी. तिला आम्ही बड म्हणतो. या वयात ती कवटीला चिकटलेली नसते, कातडीबरोबर हलते. तिच्याभोवतीची कातडी जाळून टाकली की शिंग येतच नाही. साधारण दोन महिन्यांनंतर ती हाडाला धरते. मग करवत लागते, रक्त येतं, जखम भरायला महिना जातो. वस्तीवरचं सगळ्यांत मोठं वासरू तेव्हा पाच आठवड्यांचं होतं.

पद्धती दोन. एक कॉस्टिकची कांडी. पाटीवरच्या पेन्सिलीसारखी दिसते, बडवर घासली की कातडी रसायनाने जळते. दुसरी इलेक्ट्रिक डिहॉर्नर, म्हणजे टोकाला खळगा असलेली लांब दांड्याची इस्त्री म्हणा. तालुक्याच्या साहेबांना मी विचारायला गेले, तर त्यांचा निर्णय आधीच झाला होता.

"कॉस्टिक आहे ना स्टोअरला?"

"आहे सर."

"मग केस भादरायचे, कांडी घासायची. पाच मिनिटांत एक वासरू. एका सकाळी आठही होतील."

"सर, तिथे वासरं आईजवळच असतात. वासराने ढुशी दिल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही. डोक्याचं कॉस्टिक कासेला लागेल."

"दिवसभर वेगळी बांधायला सांगा."

"शेजारच्या गावात असंच सांगितलं होतं. कोणी बांधली नाहीत. एका गाईच्या सडाला फोड आले आणि एका वासराचा डोळा गेला. ते वासरू या वस्तीतल्या सगळ्यांनी पाहिलंय."

साहेब कडक होते, पण ऐकून घेणारे होते. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उगाच दोनदा फिरवली.

"मग इलेक्ट्रिक. सांगलीच्या स्टोअरमधून मागवतो. पण पंधरा दिवसांत संपवा. नंतर मला करवत द्यायला सांगाल."

सांगलीहून मशीन एसटीने आलं. पुस्तकात लिहिलंय की वासराला लावण्याआधी लाकडावर लावून बघा, काही सेकंदांत काळं कडं उठलं पाहिजे. वस्तीवर वीज होती, पण दिवसा बल्ब लावला तर त्याच्याकडे टक लावून बघता यायचं, इतकं व्होल्टेज कमी. म्हणूनच त्या दिवशी फळकुटावर नुसता फिकट गोल उठला. अर्धवट तापलेलं टोक वासराला लावणं म्हणजे दुप्पट वेळ धरून ठेवणं, आणि तरीही बड जिवंत राहणं. मी मशीन पेटीत ठेवलं. वासरं तशीच सोडून दिली.

परत निघताना शांताक्कांनी विचारलं, "म्हंजी नुसतं तापत न्हाई, एवडंच ना?"

"एवढंच."

"मग विस्तवावर तापवा की. आमच्या चुलीला कवा व्होल्टेज कमी पडल्यालं न्हाई. तसलं टोक पायजे असंल तर माजा भाऊ कुपवाडच्या कारखान्यात लेथवर हाय."

मी पायरीवर बसलेच. तोपर्यंत मी सगळा विचार मशीनचा करत होते. वीज कुठून आणायची, जनरेटर कोण देईल. वासराला कुठे माहीत होतं उष्णता कशातून आली ते.

त्यांचा भाऊ दिलीप सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून आला. बहिणीने वासराच्या डोक्यावर कणकेचा गोळा दाबून ठसा काढून ठेवला होता. त्याने तो बघितला आणि म्हणाला, "अक्के, ही कणीक वाळून आकसली की माजी साइज चुकली." खिशातून माप घ्यायचा व्हर्नियर काढला आणि आठही वासरांची बडं मोजली. एखाद्या शाफ्टचं माप घ्यावं तसं, गंभीर चेहऱ्याने. वासरं त्याचा शर्ट चाटत होती.

"मॅडम, तोंड तांब्याचं करतो. तांबं उष्णता चटकन देतं. दांडा लोखंडी, मूठ लाकडाची. कडा गोल पायजे का धार?"

"गोल. धार असली तर कातडी कापेल, जळणार नाही."

"आन दोन करतो. एक लावताना दुसरी तापंल."

हे मला सुचलं नव्हतं. आठ दिवसांनी तो दोन्ही घेऊन आला. तांब्याची तोंडं इतकी चकचकीत केली होती, की तापवायला जिवावर आलं. घमेल्यात बाभळीचे कोळसे फुलवले, टोक लाल होईपर्यंत ठेवलं आणि फळकुटावर टेकवलं. एक, दोन, तीन. धूर निघाला आणि खाली काळंभोर, स्वच्छ कडं. दिलीपने कॉलर सरळ केली.

कांबळेमामांनी पहिलं वासरू धरलं आणि आबा उठून मध्ये आले. आबा म्हणजे शांताक्कांचे सासरे. सत्तरीचे, मोठं मुंडासं, हातात काठी. वस्तीवर त्यांचा शब्द चालायचा.

"बाई, एक इचारू?"

"विचारा ना आबा."

"गेल्या साली माज्या बैलाचा खांदा सुजला हुता. मी डागायला निगालो. तुमी इथंच हुबं राहून मला म्हनला, जनावराला डागू नका, जीव हाय त्याला. मी डागलं न्हाई. आन आज तुमीच डागणी घिऊन आला."

 प्रश्न बरोबर होता. मी डागणी परत कोळशात ठेवली.

"आबा, तेव्हा भूल न देता डागणार होतात. आज आधी सुई देणार आहे. इथे, डोळ्याच्या कडेपासून शिंगाकडे हाडाची एक धार जाते. तिच्याखालून शिंगाची शीर जाते. त्या शिरेला बधिर केलं की वरचं काही कळत नाही."

"आसं तुमी म्हनता. वासरू कुटं सांगतंय?"

"तुम्ही कधी दाढ काढलीय का?"

"दोन. इट्याला."

"हिरडीत सुई दिली होती?"

"दिली की. निम्मं तोंड माजं न्हवतंच. च्या प्यायला गेलो तर समदा धोतरावर."

"तेच औषध आहे हे."

आबांनी माझ्या हातातली बाटली घेतली, उन्हात धरली, परत दिली. "च्या सांडायचं औषध व्हय हे," ते म्हणाले. मग दाढेला हात लावून, "पर पैल्या दाढंला तो डाक्टर थांबला न्हाई. सुई टोचली आन लगीच पक्कड घातली. लय बोंबललो मी. तुमी किती थांबनार?"

"दहा मिनिटं."

"घड्याळ माज्याकडं द्या."

मी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. ते समोरच्या दगडावर बसले, घड्याळ एका हातात आणि दुसऱ्या हातात बाभळीचा काटा. दहा मिनिटं झाली की बडच्या शेजारी काट्याने हलकेच टोचायचं, वासरू हललं नाही तरच मला परवानगी, असं त्यांनीच ठरवलं. पुस्तकातही तसंच आहे, फक्त काट्याऐवजी सुई आहे.

पहिलं वासरू हललं नाही. मी टोक बडवर बसवलं, मनगटाने हळू फिरवत दहा मोजले. केस जळल्याचा वास, थोडा धूर. भोवती तांब्याच्या रंगाचं अखंड कडं दिसलं, म्हणजे काम झालं. वासरू कांबळेमामांचं बोट चोखत होतं. दुसरंही तसंच झालं. माझा हात बसला आणि मला जरा घाई सुटली.

तिसरी कपाळावर पांढरा ठिपका असलेली कालवड, शांताक्कांची लाडकी. दहा मिनिटं झाली. लाल टोक माझ्या हातात तयार होतं. आबांनी काटा टोचला आणि कालवडीने मान झटकली.

"माशी असेल," मी म्हणाले.

आबांनी काठी माझ्या आणि कालवडीच्या मध्ये आडवी धरली. "माशी न्हाई. हिचा च्या अजून सांडला न्हाई."

मी डागणी पुन्हा कोळशात ठेवली. हाडाची धार बोटाने परत चाचपली. सुई बोटभर खाली गेली होती, शीर चुकली होती. नव्याने सुई दिली. पुन्हा दहा मिनिटं. चुकले याची लाज वाटली खरी, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. लाल डागणी हातात असताना कुणीतरी आपल्याला अडवणारं आहे, हे त्या दिवशी फार चांगलं वाटलं. दुसऱ्यांदा काटा टोचला तेव्हा ती गवताची काडी चघळत होती.

दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत आठही झाली. मलम लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि दावी सोडली. मी दूर सावलीत बसून बघत होते. खरी परीक्षा आता होती. आठही वासरं सरळ आपापल्या आईकडे धावली, कासेला तोंड लावलं आणि शेपट्या फिरवायला लागली. पांढऱ्या ठिपक्याची पिऊन झाल्यावर अंगणात चारही पायांवर उड्या मारत सुटली, ती घमेल्यालाच धडकली. शांताक्का बरगडी धरून हसत होत्या आणि दिलीप म्हणत होता, "अक्के, हसू नगं, दुकंल." त्या हसायच्या थांबल्या नाहीत. आबांनी घड्याळ धोतराच्या सोग्याने पुसून मला परत दिलं. त्या दिवशी मी चार भाकरी खाल्ल्या.

तीनेक आठवड्यांत खपल्या पडल्या. खाली गुळगुळीत कातडी. एकाही वासराला शिंग आलं नाही, एकाही गाईच्या सडाला काही झालं नाही. त्यानंतर शेजारच्या दोन वस्त्यांनी बोलावणं धाडलं, आणि दोन्हीकडे आबा आमच्याबरोबर जीपमधून आले. त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

साहेब एकदा येऊन बघून गेले. वासरांच्या डोक्यावरून हात फिरवला, डागणी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "लिहून द्या. बाकीच्या दवाखान्यांना पाठवू." मी दीड पान लिहिलं. वासरू कुठे बांधतात, वीज कशी आहे, टोक कुणी केलं, किती वेळ थांबायचं आणि थांबलो की नाही हे कुणी बघायचं. साहेबांनी ते वाचलं, चांगलं आहे म्हणाले. छापील अहवालात पद्धतीच्या रकान्यात जागा कमी होती. तिथे आलं, "गरम लोखंडाने."

निवृत्त झाल्यावरही तरुण डॉक्टर फोन करून विचारतात, मॅडम, शिंगं थांबवायची सगळ्यांत चांगली पद्धत कुठली. मी त्यांना आधी गोठ्याचा पत्ता विचारते, मग तिथली वीज.