अर्ध्या कैचीचे वजन

माझे पती श्रीगोंद्याहून परत येताना रस्ता ओलांडत होते. ट्रकने त्यांना उडवले. ते तिथेच गेले. मी शाळेत होते. शिपाई वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. मी फळ्यावर लिहीत होते. ते वाक्य मी पूर्ण केले आणि मग बाहेर गेले. का पूर्ण केले, ते मला अजून कळलेले नाही.

सत्तरचे दशक नुकते लागले होते. नगरच्या एका वर्कशॉपमध्ये ते अंदाजपत्रके करीत. गोदामाला किंवा शेडला किती लोखंड लागेल, हे नकाशा वाचून आधी काढावे लागते. ते काम पुष्कळदा घरी येई, आणि मग ते दोघांचे होई. ते नकाशावर बोट ठेवून एकेक तुकडा मोठ्याने वाचत, मी लिहून घेई. मी मागे पडले की म्हणत, "बाई, लिहा लवकर, लोखंड गंजतंय."

"अहो, गंजलं तर वजन वाढेल. तुमच्या मालकांचं भलंच होईल."

शेवटी "झालं" म्हणून ते कागद आपल्याकडे ओढत आणि बेरीज करीत.

पुण्याच्या एका संस्थेत तेव्हा कॉम्प्युटर आला होता. हा हिशेब त्याच्याकडून करून घ्यायचा, हे यांच्या डोक्यात बसले. मालकांना त्यांनी कसेबसे राजी केले. मनात साठवलेले सगळे नियम त्यांनी मला सांगितले आणि मी ते छापील तक्त्यावर एकेका चौकटीत एकेक अक्षर असे उतरवले. संस्थेतल्या प्राध्यापकांनी त्या नियमांचा प्रोग्रॅम केला. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा तयार झाला. श्रीगोंद्याचे गोदाम ही पहिली खरी परीक्षा होती. त्याचा निकाल पुण्याहून यायच्या आत ते गेले.

दफनानंतर काही दिवसांनी मालक आले. पाळकसाहेब नुकतेच प्रार्थना करून गेले होते. मालक टोपी हातात धरून बसले. मग त्यांनी पिशवीतून पुण्याहून आलेला रुंद कागद काढला.

"वहिनी, आत्ता बोलू नये, पन मशीन फसलं. खांब बराबर हायेत, पत्र्याखालच्या आडव्या पर्लिनी बराबर हायेत. कैच्या तेवढ्या निम्म्या. येवढ्या लोखंडात छप्पर न्हाई, लग्नाचा मांडव हुईल."

कैची म्हणजे छप्पर तोलणारा लोखंडी त्रिकोण. त्याची अंदाजपत्रके यांनी आयुष्यभर केली होती.

"साहेबांनी लई जीव लावला हुता. पन शेवटाला चुकलं त्येंचं. आता मी हे बंद करतो."

माणूस गेला हे मी कसेबसे मानू लागले होते. पण वर्कशॉपमध्ये त्यांचे नाव या चुकीसाठी निघत राहील, हे मला सोसवेना. मी नकाशा मागितला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्कशॉपच्या कचेरीत गेले. बोट ठेवून, त्यांच्यासारखेच, मोठ्याने वाचत गेले. वरचा अँगल, खालचा अँगल, तिरपे तुकडे. मधल्या रेषेपाशी पोचले आणि पुढे वाचायला काही उरले नाही. नकाशावर कैचीचा डावा अर्धा भागच काढलेला होता. उजवा तसाच असतो म्हणून कोणी काढत नाही. या धंद्यातल्या सगळ्यांना ते माहीत असते.

मी तिथेच थांबले. तेही नेमके इथेच थांबत. "झालं" म्हणायच्या आधी क्षणभर गप्प होत. इतकी वर्षे मला वाटे, ते दम घेतात. तेवढ्यात ते मनातल्या मनात उजवी बाजू धरून ठेवीत आणि बेरजेत कैचीचे वजन दुप्पट घेत. ते तोंडाने कधी बोलले नाहीत, म्हणून मी कधी लिहिले नाही, आणि यंत्रालाही कोणी सांगितले नाही. इतक्या जवळ बसून मला त्यांचे हे ठाऊक नव्हते.

मालकांना मी रेष दाखवली.

"आयला! हे तर आमीबी करतो. कुनाला सांगत न्हाई, निस्तं करतो. म्हंजे साहेब चुकले न्हाईत?"

"चुकले. सांगायचं राहिलं त्यांचं."

"मग आता कोन सांगनार?"

"मी जाते."

पुण्याला मी एकटी गेले. प्राध्यापकांनी कैचीसाठी एक कार्ड वाढवले. पुन्हा कागद आला तेव्हा मालकांनी तो जुन्या एका गोदामाशी ताडून पाहिला आणि हिशेब जुळला तशी मान डोलावली. बंद करण्याची गोष्ट त्यांनी परत काढली नाही. पुढे बरीच वर्षे वर्कशॉपची मोठी अंदाजपत्रके तशीच होत राहिली. शाळा सांभाळून नकाशे वाचायला मी जात असे.

संस्थेतले ते यंत्र केव्हाच गेले, कार्डे रद्दीत गेली. वर्कशॉप मालकांच्या मुलांनी विकले. श्रीगोंद्याचे गोदाम उभे आहे.