माझ्या नावाच्या वरचं नाव

"पोत चांगलं हाय," असं म्हणत ते पुस्तकाचं पान अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहायचे. गिऱ्हाइकानं शर्टपीस पाहावा तसं. मग पुस्तक बगलेत मारायचे, चपला पायांत सरकवायचे आणि रस्ता ओलांडून आपल्या कापडाच्या दुकानात जाऊन बसायचे. आर्वीच्या वाचनालयात हे मी दहा-बारा वर्षं पाहिलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून सांगते, दर वेळी माझ्या अंगाची नुसती आग व्हायची.

आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्यामुळे त्यांच्या लेखी मी 'बाई'. शाळा सुटायची पाचला. नव्या पुस्तकांचं पार्सल नागपूरहून एसटीनं यायचं ते भर दुपारी, आणि शेठचं दुकान वाचनालयाच्या अगदी समोर. ग्रंथपाल पार्सलची सुतळी सोडायला घेत, तेवढ्यात शेठ हजर. मी धापा टाकत पोचेपर्यंत त्यातलं सगळ्यात चांगलं पुस्तक त्यांच्या गादीवर गेलेलं असायचं.

तेव्हा प्रत्येक पुस्तकात मागे एक कार्ड असायचं, वाचकांच्या नावांचं. तुम्हालाही आठवत असेल. पुस्तक घरी आणलं की मी आधी ते कार्ड काढून पाहायची. पहिल्या ओळीवर शेठ, दुसऱ्या ओळीवर मी. एकदा मुद्दाम मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक घेतलं. म्हटलं, ह्याला आर्वीत कोण हात लावणार? पहिल्या ओळीवर शेठ.

एकदा तर मी डोकं दुखतं म्हणून अर्धी रजा टाकली आणि दुपारी दोनलाच वाचनालय गाठलं. एक जाडजूड नवी कादंबरी हाती लागली. नाव नोंदवणार, तोच शेठ आले.

"बाई, आज शाळा नाई का जी?"

"डोकं दुखतंय," मी म्हटलं.

"मंग वाचू नोका. डोळ्याले तान पडते." आणि त्यांनी इतक्या मायेनं ती कादंबरी माझ्या हातातून काढून घेतली की मला नाही म्हणताच आलं नाही. "मी वाचून आनतो. तवर तुमाले बरं वाटन."

आवडलेल्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका द्यायची त्यांना सवय होती. दुसरं काही लिहायचे नाहीत, फक्त ठिपका. आणि मी वाचता वाचता जिथे थांबायची, पुस्तक मिटून जरा खिडकीबाहेर पाहायची, नेमका तिथेच तो असायचा. कार्डावर ते माझ्या आधी होते, ते एक वेळ सोसलं असतं. पण मला आवडलेलं वाक्यसुद्धा त्यांना आधी सापडलेलं? एका रविवारी मी खोडरबर घेऊन बसले आणि एका कादंबरीतले सगळे ठिपके पुसून टाकले. दिवस गेला त्यात.

पुढे कधीतरी त्यांनी ते पुस्तक पुन्हा काढलं असावं. एका संध्याकाळी माझ्यासमोर ग्रंथपालांना म्हणाले, "कोन्या तरी मानसानं पुस्तक साफ केलं. चांगलं केलं. लोकाच्या पुस्तकावर खुना करनं बरं नाई." त्यानंतर त्यांनी एकही ठिपका दिला नाही. आणि गंमत पाहा, वाचताना मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

अशी वर्षं गेली. शेठचा मुलगा अमेरिकेत इंजिनिअर होता. एका हिवाळ्यात तो आला आणि जाताना वडिलांना पुस्तकं वाचायचं यंत्र देऊन गेला. आजच्यासारखे मोबाइल तेव्हा ज्याच्या-त्याच्या हाती नव्हते, अशा यंत्राचं नवलच होतं, त्यामुळे गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेठकडे पाटी आली, तिच्यात म्हणे हजार पुस्तकं मावतात!

शेठ वाचनालयात यायचे बंद झाले. आता पार्सल आलं की ग्रंथपाल माझ्यासाठी पुस्तकं बाजूला ठेवायचे. कोऱ्या कार्डाच्या पहिल्या ओळीवर मी माझं नाव लिहायची. चार महिने सलग लिहिलं. ज्यासाठी इतकी वर्षं तडफडले ते मिळालं होतं, पण मन सगळं त्या पाटीत. आमची पुस्तकं तीन महिन्यांतून एकदा येणार, ती पंधरा-वीस. हा माणूस हजार पुस्तकं खिशात घालून बसलाय.

न राहवून ब्लाउजपीसचं निमित्त काढून मी दुकानात गेले. शेठ गादीवर बसून यंत्र अगदी तोंडाशी धरून वाचत होते. मला वाटलं, कुणाला दिसू नये म्हणून झाकताहेत. माझा आवाज ऐकताच त्यांनी ते सुटिंगच्या कापडाच्या पिशवीत घातलं आणि मांडीखाली सरकवलं.

"पाहू तरी द्या, शेठ."

"पाहाची चीज नाई बाई, वाचाची हाय," ते हसून म्हणाले आणि मागे बसलेल्या बायकोला हाक मारली, "अवं, बाईले तो जांभळा दाखव."

एरवी शेठ गिऱ्हाइकासमोर कापड उलगडायचं काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्यावर विचार केला नाही. मला फक्त मांडीखाली सरकवलेली ती पिशवी दिसत होती.

वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात त्या वर्षी वादविवाद ठेवला: छापील पुस्तक की यंत्रातलं? यंत्राच्या बाजूनं बोलायला गावात यंत्रवाला एकच होता, म्हणून ग्रंथपालांनी शेठना गळ घातली. पुस्तकाच्या बाजूनं मी. आठ दिवस खपून मी भाषण लिहिलं. कागदाचा वास, आईनं पानात ठेवलेलं मोरपीस, सगळं त्यात घातलं. आणि शेवटी शेठकडे पाहून मी म्हणाले, "ज्यांना पुस्तकाचा भार झेपत नाही, त्यांनी खुशाल पाट्या घेऊन बसावं. पण स्वतःला वाचक म्हणवून घेऊ नये."

टाळ्या पडल्या. शेठ उभे राहिले. "बाई बरोबर बोलल्या," ते म्हणाले. "मले आता पुस्तक झेपत नाई." आणि खाली बसले.

लोक हसले. मीही हसले. पहिलं बक्षीस मला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठची बायको माझ्या दारात. आत या म्हटलं तर उंबऱ्याशीच थांबली.

"बाई, तुमी तसं बोलाले नोको होतं."

मग तिनं सांगितलं. शुगरनं शेठच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. पुस्तकातली अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसायची, नंतर तीही दिसेनात. यंत्रात अक्षर मोठं करता येतं म्हणून मुलानं ते दिलं होतं.

"मग कालच तसं सांगायचं ना त्यांनी!"

"कसं सांगतीन? कापडवाल्याले रंग दिसत नाई म्हटल्यावर दुकानात कोन येईन? तुमीबी कोनाले सांगू नोका."

त्या दिवशी मी शाळेतून तडक दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"शेठ, त्या पुस्तकातले ठिपके मी पुसले होते."

"मालूम हाय. पानात रबराचा चुरा होता." त्यांनी स्वतःच पिशवीतून यंत्र काढलं. बटण दाबत गेले तसं अक्षर वाढत गेलं. शेवटी सगळ्या पानावर वीस-पंचवीस शब्द उरले. सगळे इंग्रजी.

"आणि मराठी?"

"मराठी नाई येत ह्याच्यात. नुसते चौकोन उमटतात. पोरानं लय खटपट केली. इंग्रजी दिसते, पन अर्धंच समजते. करू काय?"

मी म्हटलं, रोज शाळा सुटली की येत जाईन, तासभर मराठी वाचून दाखवीन. त्यांनी मान हलवली.

"नोको बाई. तुमी वाचान तं ते पुस्तक तुमचं होईन. जवरोक दिसते तवरोक मले माझ्या चालीनं वाचू द्या."

मला राग यायला हवा होता. पण त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

"खरं सांगू?" यंत्र पिशवीत घालत ते म्हणाले. "मले तुमचा लय हेवा वाटते. काल तुमी कागद हातात धरून वाचून राह्यल्या होत्या, चष्म्याबगर. भाषनाकडे माहं ध्यानच नव्हतं. कागद तुमच्या डोळ्यापासून किती दूर हाय, तेच पाहून राह्यलो होतो."

पुढच्या वर्षी दुकान बंद झालं. शेठ आणि त्यांची बायको वर्ध्याजवळ पिपरी मेघेला मुलीकडे राहायला गेले. यंत्रातलं सगळ्यात मोठं अक्षरही पुरेनासं झाल्याचं कानावर आलं.

एकदा शाळेच्या कामासाठी वर्ध्याला गेले होते. काम आटोपलं तेव्हा तीन वाजले होते, म्हणून पत्ता शोधत पिपरी मेघेला गेले. इमारतीच्या आवारात, कडुनिंबाखालच्या ओट्यावर सात-आठ माणसं बसली होती. काही पेन्शनर, काही भाजी निवडणाऱ्या बायका. मधोमध शेठ, डोळ्यांवर काळा चष्मा. ते गोष्ट सांगत होते.

दोन वाक्यांत मी ओळखलं. आम्ही दोघांनी वाचलेली एक जुनी कादंबरी होती ती. अर्थात त्यांनी आधी, मी नंतर. पण पुस्तकातली पुण्याची माणसं इथं "काऊन" आणि "मले-तुले" बोलत होती. नायिकेचा वकील बाप चक्क कापसाचा व्यापारी झाला होता. ओट्यावर कुणी हलत नव्हतं. एका बाईच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली होती. माझी शिक्षिका म्हणून सव्वीस वर्षं झाली होती, एक वर्ग माझ्यासमोर असा बसला नाही. डोळे गेलेल्या माणसाचाही हेवा वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुस्तकात ती मुलगी स्टेशनावर जाते आणि गाडीत बसते, तिथे कादंबरी संपते. शेठच्या गोष्टीत गाडी आली, दार समोर उघडं होतं, आणि ती मुलगी माघारी वळली.

मी घड्याळ पाहिलं. आर्वीच्या गाडीला अर्धा तासच उरला होता. हाक मारली असती तर गोष्ट थांबली असती, आणि ओट्यावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं असतं. मी तशीच निघाले.

त्याच उन्हाळ्यात शेठ गेले.

ती कादंबरी अजून वाचनालयात आहे. तिचा शेवट मला पाठ आहे. पण माघारी वळलेली ती मुलगी पुढे कुठे गेली, हे त्या मेथी निवडणाऱ्या बाईला माहीत आहे. मला नाही.