अकरा नळांचा पंचनामा

मुख्याधिकारी मॅडमनी एक अर्ज माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाल्या, "शेखसाहेब, या प्रभागातले सगळे सार्वजनिक नळ झाकायचे आहेत. उद्या दुपारपर्यंत."

मला वाटलं कुठंतरी लाइन फुटली असेल, गढूळ पाणी येत असेल. मी अर्ज वाचला. पाण्याचा त्यात संबंधच नव्हता. विरोधी उमेदवाराचं निवडणूक चिन्ह नळ आहे, प्रभागात जागोजागी नगरपरिषदेचे नळ आहेत, त्यामुळं सरकारी मालमत्तेवरून त्या उमेदवाराचा फुकट प्रचार होतो, सबब आचारसंहितेनुसार नळ झाकण्यात यावेत, असा मजकूर होता.

आमची नगरपरिषद धाराशिव जिल्ह्यातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून इथंच राहायचं आहे. मी पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता होतो आणि निवृत्तीला चार महिने राहिले होते. बरीच वर्षं निवडणूकच झाली नव्हती. सगळा कारभार प्रशासकाच्या हातात, म्हणजे निवडून आलेलं कुणी नाही, अधिकारीच सगळं बघणार. आता एकदाची निवडणूक लागली होती.

आमच्याकडं एका प्रभागातून दोन नगरसेवक निवडून जातात. या प्रभागातली एक जागा सोडतीत महिलांसाठी राखीव झाली होती. इथले जुने नगरसेवक बापूसाहेब. त्यांची जागा गेली, म्हणून त्यांनी पत्नीला उभं केलं. फॉर्म वहिनीसाहेबांचा, बॅनरवर मोठा फोटो बापूसाहेबांचा.

समोर होत्या शोभा सिस्टर. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. प्रभागातल्या निम्म्या लोकांना लहानपणी त्यांनीच सुया टोचलेल्या. त्यांना कुठल्याच पक्षानं तिकीट दिलं नाही, म्हणून अपक्ष उभ्या राहिल्या. अपक्षाला ठरलेल्या यादीतून चिन्ह मिळतं. पसंतीची तीन लिहून द्यायची, त्यातलं शिल्लक असेल ते पदरात पडतं. सिस्टरना शिलाई मशीन हवं होतं, ते दुसऱ्यानं नेलं. त्यांच्या वाट्याला आला नळ. चिन्ह मिळालं त्या दिवशी त्या मला नगरपरिषदेच्या जिन्यात भेटल्या होत्या. चेहरा पडलेला. "शेखभाई, आठ दिवसांनी पाणी येतं आपल्याकडं. नळ घेऊन कुणाच्या दारात जाऊ?" असं म्हणत होत्या.

आणि आता त्याच नळाची बापूसाहेबांना भीती वाटायला लागली होती.

मी मॅडमना विचारलं, "पंखा चिन्ह असतं तर शाळेतले पंखे उतरवले असते का?"

मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण नोकरीत मुरलेल्या. म्हणाल्या, मागच्या गावात एकाचं चिन्ह शिट्टी होतं, तेव्हा वाहतूक पोलिसाच्या शिट्टीबद्दल अर्ज आला होता. मग त्यांनी बोटानं अर्जाचा कोपरा दाखवला. तिथं निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाचा शेरा होता, 'नियमानुसार उचित कार्यवाही करावी.'

बाहेरच्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. आम्हा नोकरदारांना त्याचा अर्थ माहीत असतो. काय करायचं ते तुम्ही ठरवा, आणि चुकलं तर आम्ही सांगितलं नव्हतं.

"झाकून टाका," मॅडम म्हणाल्या. "आणि पंचनामा व्यवस्थित करा."

व्यवस्थित हा शब्द त्यांनी वापरला. मी तो मनावर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माणिकमामा निघालो. माणिकमामा आमचे वॉलमन, म्हणजे गल्लोगल्ली फिरून पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. लोक कलेक्टरला ओळखत नाहीत, वॉलमनला ओळखतात. मामांच्या सायकलला बारदानाची पोती आणि सुतळी. माझ्या हातात चिन्हाच्या चित्राची प्रत. ती मी निवडणूक शाखेतून मुद्दाम मागून घेतली होती.

पंचनाम्याला दोन पंच लागतात, म्हणजे जागेवरचे साक्षीदार. एक टेलर आणि एक गिरणीवाले मिळाले. मी त्यांना चित्र दाखवलं. सांगितलं, असा नळ दिसला तर झाकायचा.

पहिला नळ चौकात. त्याच्यावर बापूसाहेबांच्या नावाचा फलक. 'यांच्या विशेष प्रयत्नातून.' आचारसंहिता लागली त्याच दिवशी फलकाला कागद चिकटवला होता. आता खाली नळालाही पोतं बांधलं. दोघंही तोंड झाकून उभे.

दुसरा नळही झाकला. तिसऱ्यापाशी माणिकमामा सुतळी हातात घेऊन थांबले. "साहेब, याला तोटीच न्हाय. नुस्ता पाइप हाय. झाकू का?"

मी चित्र बघितलं. चित्रातल्या नळाला तोटी होती. तोटीतून थेंबही पडत होता. थेंबाचा विचार केला असता तर गावातला एकही नळ चिन्हात बसला नसता, म्हणून मी थेंब सोडून दिला. पण तोटी सोडता येईना. तोटी नसलेला पाइप हे चिन्ह होत नाही. मग तो कुठल्या नियमानं झाकायचा?

मी पंचांना विचारलं. टेलर विचार करून म्हणाले, "हे चिन्ह न्हाय. आमच्या नशिबाचा पाइप हाय. झाकू नका, पण लिहा."

मी लिहिलं. 'नळ क्रमांक तीन. तोटी आढळून आली नाही. सबब चिन्हाशी साम्य नाही. झाकला नाही.'

"कधीपास्नं न्हाय तेबी लिहा," गिरणीवाले म्हणाले. त्यांना ते नक्की सांगता येत होतं, कारण त्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न झालं होतं आणि मांडवात पाण्याचे हाल झाले होते. मुलीचा मुलगा आता शाळेत जातो. तेही लिहिलं.

दुपारपर्यंत अकरा नळ झाले. सात झाकले, चार उघडे राहिले. प्रत्येकाची अवस्था लिहिली. कुठं चबुतरा फुटलेला, कुठं गटार नळाच्या बुडातून गेलेली. पंच उत्साहात होते. मी एक ओळ लिहिली की ते दोन सांगायचे. खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या.

शेवटचा नळ बापूसाहेबांच्या घरासमोर होता. माणिकमामा पोतं बांधत होते तेव्हा वहिनीसाहेब बाहेर आल्या. प्रचारासाठी नवीन साडी नेसलेल्या, पण हात पिठाचे. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय, नळाला पोतं कशाला?

मी सांगितलं, "वहिनी, तुमच्याच अर्जावरून."

त्यांनी अर्ज मागितला. दारातच उभ्या राहून दोनदा वाचला. मग सहीवर बोट ठेवलं. "सही माझीच हाय," त्या म्हणाल्या. "वाचायचं राहिलं होतं." अर्जावर पिठाचं बोट उमटलं. तो कागद अजून फाइलला असेल.

मी पंचनामा मॅडमकडं दिला. मॅडमनी शांतपणे वाचला. तोटी नसलेल्या चार नळांवर आल्यावर माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "हे तुमच्याच विभागाचं अपयश आहे, कळतंय ना?" मी म्हणालो, कळतंय. "मग ठीक आहे," म्हणाल्या आणि खाली सही केली.

मी मुद्दाम केलं का? खरं सांगतो, थोडं मुद्दामच. पण एकही शब्द खोटा नव्हता.

त्याच संध्याकाळी शोभा सिस्टरनी पंचनाम्याच्या नकलेसाठी अर्ज केला. नक्कल म्हणजे सही-शिक्क्याची प्रत. उमेदवाराला ती द्यावीच लागते. दिली. दुसऱ्या दिवशी चौकात त्यांची सभा होती. सिस्टरना भाषण येत नाही. त्यांनी चष्मा लावला आणि पंचनामा वाचला. नळ क्रमांक एक ते अकरा. पूर्वी डोसाच्या तारखा सांगायच्या त्याच आवाजात. शेवटी म्हणाल्या, "हे मी लिहिलेलं नाही. समोरच्यांच्या अर्जावरून सरकारनं लिहिलंय." आणि खाली बसल्या. माणिकमामा सांगत होते, लोकांनी सहा आणि नऊ नंबरचे नळ पुन्हा वाचायला लावले.

सभेनंतर बापूसाहेब माझ्या टेबलासमोर येऊन बसले. नेहमी मी उठून त्यांच्याकडं जायचो. त्यांनी आधी माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. मग विचारलं, "शेखसाहेब, तुमची रिटायरमेंट कधी?"

"मार्चअखेर."

"म्हणजे पेन्शनचे कागद नव्या बॉडीच्या काळात फिरणार."

मी हो म्हणालो. नगरपरिषदेत कागद अडवायला फार मोठा माणूस लागत नाही. ते म्हणाले, पंचनाम्यात जरा दुरुस्ती करा, तोटीचं वगैरे काढून टाका. मी म्हणालो, दुरुस्ती अशी होत नाही, नवा पंचनामा करावा लागतो. मी उद्याच करायला तयार आहे. पंच तेच बोलावतो. फक्त अकराही नळ पुन्हा मोजावे लागतील.

ते खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "नळ उघडे करा. आम्ही अर्ज मागं घेतो."

अर्ज मागं घेतला. पण नळ उघडताना पुन्हा पंचनामा करावा लागतो, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. झाकलेली वस्तू उघडली तर ती कुठल्या स्थितीत मिळाली हे लिहावंच लागतं. परत मी, माणिकमामा, टेलर आणि गिरणीवाले निघालो.

वाटेत न झाकलेल्या नळ क्रमांक तीनपाशी आलो आणि चौघंही थांबलो. पाइपाला तोटी होती. निळी, प्लास्टिकची, नवी कोरी. नऊ नंबरलाही तशीच. मधल्या दिवसांत कुणीतरी घाईघाईनं बसवली होती, आणि इतकी वाकडी की पाणी आलं असतं तर भरणाऱ्याच्या अंगावर उडालं असतं.

आता पेच झाला. आचारसंहितेत नवीन काम करता येत नाही. मतदारांना खूश करायला कुणी तोटी बसवली असेल तर तो भंग होतो. मी बापूसाहेबांना फोन करून विचारलं, तुमच्या माणसांनी बसवल्या का? ते म्हणाले, छे, आमचा काय संबंध. नगरपरिषदेनं बसवल्या नव्हत्या. सिस्टरनीही नाही म्हणून सांगितलं. मग मी लिहिलं, 'दोन तोट्या बेवारस स्थितीत आढळल्या.' त्या काढून, पाकिटात घालून, सील करून निवडणूक शाखेत जमा केल्या. टेलर म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा तोटी आली आणि तिला अटक झाली.

हा दुसरा पंचनामाही सिस्टरनी मागितला. तोही चौकात वाचला गेला.

मतमोजणीच्या दिवशी बापूसाहेबांच्या माणसांनी तेरखेड्याहून टेम्पोभर फटाके आणून ठेवले होते. ताडपत्री सुटलीच नाही. शोभा सिस्टर निवडून आल्या. वहिनीसाहेब केंद्राबाहेर त्यांना भेटल्या, हात हातात घेतला. मला वाटतं त्या दिवशी सगळ्यात मोकळा चेहरा वहिनीसाहेबांचाच होता.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती जास्त आनंदानं सांगितली असती.

नव्या सभागृहाची पहिली सर्वसाधारण सभा भरली. या सभेत नगरसेवक प्रश्न विचारतात आणि विभागाच्या लोकांनी उत्तरं द्यायची असतात. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. सिस्टर उठल्या. मला वाटलं, माझं नाव घेऊन दोन चांगले शब्द बोलतील. त्यांनी चष्मा लावला आणि पंचनामा काढला.

"चार नळांना तोटी नाही, असं यात लिहिलंय. खाली सही आहे, आर. ए. शेख, कनिष्ठ अभियंता. त्यांना हे माहीत होतं तर इतकी वर्षं त्यांनी काय केलं?"

सभागृहानं माझ्याकडं बघितलं. मी उभा राहिलो. तोट्यांसाठी दोन पत्रं वर पाठवली होती, त्यांचे जावक क्रमांक सांगितले. दोन्ही पत्रांना उत्तर आलं नव्हतं.

"तिसरं पत्र?" सिस्टरनी विचारलं.

तिसरं पत्र मी लिहिलंच नव्हतं. तसं सांगितलं.

"शेखभाई, दोनदा घरी भेटलं नाही म्हणून आम्ही लेकराचा डोस सोडून देत नव्हतो," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. नोकरीतली पहिली आणि शेवटची. मॅडमनीच सही केली आणि देताना म्हणाल्या, खुलासा व्यवस्थित लिहा. मी खुलासा लिहिला. त्यासोबत तिसरं पत्रही लिहिलं. या वेळी ते घेऊन मी स्वतः टेबलाटेबलावर फिरलो. पंधरा दिवसांत पितळी तोट्या आल्या. माणिकमामांनी चारही बसवल्या आणि मी प्रत्येक तोटी हातानं फिरवून बघितली. खुलासा मान्य झाला. पेन्शनचे कागदही वेळेत निघाले, कारण त्यांच्यामागं सिस्टर लागल्या होत्या. मी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

आता नवीन लागलेली मुलं कधी भेटली तर मी एवढंच सांगतो. पंचनामा खरा लिहा, पूर्ण लिहा, त्याचा मोठा उपयोग होतो. फक्त लिहिण्याआधी आपलं तिसरं पत्र गेलंय का ते बघून घ्या.