वलंदेजाच्या पंगतीत जावई

माझी ठरलेली बायको माझी बहीण लागते, हे मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहून दिलं होतं.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या पाच-सहा वर्षांतली. आमचं गाव कारंजा घाडग्यापासून बैलांच्या दमणीनं तासाभरावर. मी चोवीस वर्षांचा, गावातल्या शाळेत मास्तर (म्हणजे पंचक्रोशीतला सर्वांत शहाणा माणूस, असं माझं मत). माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, यांनी एके सकाळी ओसरीवर जाहीर केलं, "आपल्या मूळपुरुषाचे सारे वंशज एका पंगतीत बसवाचे. रोडगे अन् वांग्याची भाजी. मराच्या आधी मले एवढंच पाहाचं हाये."

मूळपुरुष म्हणजे वलंदेज! हॉलंडातून आलेला एक गोरा तोफवाला नागपूरकर भोसल्यांच्या पदरी राहिला, त्यानं इकडचीच मुलगी केली आणि नांगर धरला, असं आमच्या घरात सांगत. पुरावा विचारणाऱ्याला त्या दिवशी चहा मिळत नसे.

बाबा तडकले. "दादा, गोरे जाऊन दहा वर्सं नाई झाले, अन् तुम्ही त्यायले पंगतीत बसवून राह्यले?"

"अबे, ते इंग्रज! हे वलंदेज. इंग्रजायचे दुश्मन!" खादीची टोपी सारखी करत मोठेबाबा म्हणाले.

मोठेबाबांना मूलबाळ नव्हतं. मला त्यांनीच खांद्यावर खेळवलं होतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. पण वंशज शोधायचे कसे? इथे माझं शहाणपण उफाळून आलं.

"मोठेबाबा, शास्त्रीय पद्धत! तुमचे डोळे घारे, बाबांचे घारे, आजोबांचेही घारे होते. म्हणजे ज्याचे डोळे घारे, तो आपला!"

"वा रे माह्या वाघा!" म्हणून त्यांनी माझ्या पाठीत असा धपका घातला, की तो मला दोन दिवस पुरला.

मग वही घेऊन मी आणि मोठेबाबा गावोगाव. कारंज्याच्या बाजारात ते एकेकाच्या तोंडाशी तोंड नेऊन डोळे तपासत. एका बाईचे तपासले, तर तिच्या नवऱ्यानं काठी उगारली. मोठेबाबांनी त्याचेही तपासून घेतले! आठ दिवसांत एक पोस्टमन, दोन सुतार आणि एक कीर्तनकार आमचे भाऊबंद झाले. गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा वास लागताच कोणीही नातं नाकारलं नाही.

शेवटी आर्वीकडे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना पाहुणे म्हणून बोलवायला गेलो. माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, महिन्यापूर्वीच झालं होतं. त्या दिवशी रीतीप्रमाणे मुलीची नजर पाटावरून हलली नव्हती, म्हणून आमच्यापैकी कोणाला तिचे डोळे दिसले नव्हते. (मी पाहिले होते. चोरून. त्यांवरच तर मी गार झालो होतो!)

ती मुलगी, कुसुम, पाणी घेऊन आली. आता सासरची माणसं ओळखीची झाली म्हणून तिनं नजर वर केली. डोळे लख्ख घारे!

मोठेबाबांच्या हातातला पेला तिथंच थांबला. "इवाई, तुमच्या खानदानात कोणी गोरा होऊन गेलता काय?"

सासऱ्यांना वाटलं, मान मिळतोय! "हाव ना! आमचा आजा काईतरी सांगत जाय."

"भाऊ!" मोठेबाबांनी त्यांना कवटाळलं. "लिही बे, नवी शाखा!"

मी सवयीनं लिहिलं. सासऱ्यांचं नाव, खाली कुसुमचं. अक्षर सुरेख आलं. शाई वाळवायला फुंकर मारली आणि मग कळलं, काय लिहिलं ते!

"लगन मोडलं," मोठेबाबा हळूच म्हणाले. "एका कुळीतली पोट्टी. बहीण लागते तुही."

"मोठेबाबा, डोळ्यांवरून कुठे कूळ ठरतं?"

"काऊन? नियम तूच काढला ना?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कुसुम बोलली, "मोठेबाबा, नियम साऱ्यायले एकच ना?"

"एकच."

"मंग यायचे डोळे पाहा."

मोठेबाबांनी मला उजेडात ओढलं आणि बाजारात बैल पाहावा तशी माझी पापणी वर केली. "काळे! कुच्च काळे!" त्यांचा आवाज चिरकला. "म्हणजे तू आमचा नाई?"

एकीकडे वलंदेज, एकीकडे कुसुम. मी श्वासही न घेता म्हणालो, "नाही!"

ही बातमी घरी पोचल्यावर आई लाटणं घेऊनच बाहेर आली. "मंग काय मी तुले कारंज्याच्या बाजारातून आणला काय बे?" आपण आईबद्दल काय बोलून बसलो, हे या मास्तराच्या तेव्हा ध्यानात आलं. "डोळे माह्या बापाचे हायेत, काळे! पोट्टा तुमचाच हाये. आता लगन मोडाचं का वही फाडाची, ते तुम्ही पाहा!"

मोठेबाबांनी तीन दिवस पंगतीची तयारी थांबवली. मला फार वाईट वाटत होतं. ज्या माणसाला सगळं गोत गोळा करायचं होतं, त्याच्या हातून घरातलाच एक निसटत होता. चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "वही आण. तुहं नाव खोड. पंगतीपायी तुहा संसार मोडला, तर मी त्या वलंदेजाले काय तोंड दाखवू?"

मी माझ्या नावावर रेघ ओढली. त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

लग्न झालं, आणि पुढच्याच महिन्यात आमराईत ती पंगतही झाली. पोस्टमनसुद्धा वंशजांत बसला. मी, कुसुमचा नवरा म्हणून, जावयांच्या ओळीत. मोठेबाबांनी मला नारळ आणि धोतरजोडी दिली, आणि जन्मभर 'अबे' म्हणणारा तो माणूस वाकून म्हणाला, "घ्या जावईबापू, लाजू नका." मागून आई तुपाचं भांडं घेऊन आली, नको नको म्हणताना माझा रोडगा तुपात बुडवला आणि वर पुन्हा आग्रह! त्या घरात मी चोवीस वर्षं मुलगा म्हणून जेवलो, पण तूप पोटभर मिळालं ते नाव खोडलं गेल्यावरच.