मोटार वेळेवर सुटली, माणसं धक्क्यावर राहिली

अलिबागजवळच्या नागावला जायचं ठरलं ते चिडून. शाळेतली नोकरी संपल्यापासून भाऊ रोज सांगायचा, "ताई, आता स्वस्थ बस." स्वस्थ बसणं मला कॉन्व्हेंटात कोणी शिकवलं नव्हतं. माघातल्या एका सकाळी मी पिशवी उचलली.

पहिला ताप मुंबईतच. ट्राम लाँचच्या धक्क्याच्या बरीच अलीकडे सोडते, पुढे उन्हात पायपीट. ट्रामवाल्यांना लाँचची वेळ ठाऊक नाही, लाँचवाल्यांना ट्रामची पर्वा नाही. एवढं मोठं शहर, पण एका वाहनाचं दुसऱ्याशी बोलणं नाही! जाणाऱ्यांनी छत्री घ्यावी, सामान कमी घ्यावं.

लाँचवर शेजारी कमळी नावाची एक बाई बसली होती, मांडीवर बोचकं घट्ट धरून. नवऱ्याला गोदीतून रजा मिळाली नाही, म्हणून भाचीच्या लग्नाचं लुगडं घेऊन ती एकटीच निघाली होती. मामाकडचं लुगडं नेसल्याशिवाय त्यांच्या घरी नवरीला हळद लावत नाहीत. आणि हळद होती त्याच संध्याकाळी, नागावात.

पलीकडे रेवस बंदरात ओहोटी. लाँच धक्क्याला लागेना, तेव्हा आम्हांला होडीत उतरवलं. होडी अर्ध्या वाटेवर असताना अलिबागची मोटार डोळ्यांदेखत धूळ उडवत निघून गेली.

"गेली गो मावशे!" कमळी होडीतच उभी राहिली. "आता दिवं लागल्याबिगर दुसरी न्हाय. माझी पोर पाटावर बसून ऱ्हाईल!"

धक्क्यावर मोटारीचा एजंट कासमशेठ शांतपणे पान लावत होता. मी सरळ त्याच्यासमोर गेले.

"बाईसाहेब, मोटार अगदी टायमावर सुटली," तो अभिमानानं म्हणाला. "मुंबईच्या मालकांची सक्त ताकीद हाय."

"आत माणसं किती होती?"

"आज... कोन नव्हतं."

"मग टायमावर पोचणार कोण? बाकडी? आणि तुमच्या मालकांनी समुद्राला ताकीद दिली नाही वाटतं!"

मागची माणसं खो खो हसली. कमळीनं बोचकं सोडून हिरवं लुगडं त्याच्यापुढे धरलं. "शेठ, तुमच्या घरात पन पोरी असतील ना?"

त्यानं लुगड्याकडे पाहिलं, मग हाक मारली. नारळ उतरवून रिकामी लॉरी नागावला परत चालली होती. "सगळ्यांना घे रे. बाईसाहेबांना पुढं बसव, न्हायतर वाटभर मलाच शिव्या देतील."

मी पुढेच बसले. तत्त्वांना गुडघे नसतात, मला आहेत.

नागावात पोचलो तेव्हा बायकांची गाणी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. "मामी आली गं!" कोणीतरी ओरडलं. नवरी पाटावरून उठली ती थेट कमळीच्या गळ्यात. त्या रात्री मला मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा मिळाल्या. हिवाळ्यात जाल तर त्या चुकवू नका. नारळीच्या बागांतून समुद्रावर जाणारी वाटही चुकवू नका.

परतताना रेवसला पाहते तर मोटार उभी, ड्रायव्हर कुरकुरतोय आणि कासमशेठ शेवटची होडी रिकामी होण्याची वाट बघतोय.

"मालकांना काय सांगितलंत?"

"हेच की, टायमावर रिकामी धाडण्यापरीस उशिरा भरून धाडतो. पैशाची भाषा त्यांना लगेच कळते."

मुंबईत ट्राममध्ये बसले. थांब्यापासून जरा लांब एक बाई कडेवर मूल घेऊन धावत येत होती. कंडक्टरनं घंटेच्या दोरीला हात घातला. मी तो हात धरला.

"म्हातारे, टाइम झाला!"

"झाला असेल. ती यायची आहे."

डब्यातलं कोणीतरी पुटपुटलं. मग दुसऱ्या कोणीतरी सरकून जागा केली.